तारे धडाधड जन्मतायत, मग ऑक्सिजन गेला कुठे?

प्रश्न असा आला होता: "जड मूलद्रव्यं ताऱ्यांत बनतात. म्हणजे ज्या दीर्घिकेत तारे जोरात जन्मतायत तिथे ती भरपूर हवीत. पण आय झ्विकी १८ या दीर्घिकेबद्दल वाचलं, की तिथे ताऱ्यांचा जन्म जोरात चालू आहे आणि तरी ऑक्सिजन सूर्याच्या मानाने कुठे तिसावा हिस्सा लिहिलाय, कुठे पन्नासावा. ती नुकतीच जन्मली आहे का? आणि एवढ्या लांबचा ऑक्सिजन मोजतात तरी कसा?"

वीसेक वर्षं मी अशाच बटू, म्हणजे लहान, दीर्घिकांचे वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीवार फोड) घेतो आणि वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा तर्क चुकीचा नाही, अर्धा आहे. तुम्ही कमाई आणि शिल्लक एकच धरलीत. ताऱ्यांनी किती ऑक्सिजन बनवला ही कमाई. आपण वर्णपटात मोजतो ती शिल्लक, आणि तीसुद्धा रकमेत नाही, प्रमाणात: दर इतक्या हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचा एक अणू. सूर्यात हे प्रमाण साधारण दोन हजारांस एक आहे. आमटीत मीठ किती टाकलं यावर ती खारट होते हे खरं, पण नंतर दोन तांबे पाणी ओतलं किंवा अर्धी आमटी उतू गेली तर नुसत्या चवीवरून टाकलेलं मीठ सांगता येत नाही. त्यामुळे "तारे जोरात जन्मतायत म्हणून धातू जास्त" हे विधान खरं की खोटं, हे त्या दीर्घिकेत किती वायू आहे, किती येतोय आणि किती निसटतोय यावर अवलंबून आहे. (आमच्या धंद्यात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू' म्हणतात. ऑक्सिजनला धातू म्हटलं की रसायनशास्त्रवाले मित्र कपाळाला हात लावतात, पण सवय जात नाही.)

आधी कमाई पाहू. कोणतं मूलद्रव्य कुठल्या ताऱ्यात शिजतं याचा मोठा आराखडा १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल या चौघांनी मांडला. पुण्यात आयुका ही खगोलसंस्था उभी करणारे जयंत नारळीकर हे हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी, त्यामुळे हॉईल हे नाव मराठी वाचकाला परकं नसावं. आराखड्याचा बराचसा भाग आजही टिकून आहे. पण तुमच्या प्रश्नाला 'कुठे' यापेक्षा 'कधी' जास्त महत्त्वाचं आहे.

समजा एका ठिकाणी एकदम १०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मले. त्यांत सूर्याच्या ८ पटींहून जड असा तारा साधारण एकच निघतो. बाकी सगळे हलके, बरेचसे तर सूर्याहूनही लहान, आणि तेवढं वस्तुमान अब्जावधी वर्षं कुलूपबंद होतं. ऑक्सिजनची जवळजवळ सगळी कमाई त्या एखाद्या जड ताऱ्याची. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा तारा मरताना साधारण ३ सूर्यांएवढा ऑक्सिजन बाहेर फेकतो. लहान-मोठ्या ताऱ्यांची सरासरी काढली, की १०० सूर्यांमागे ऑक्सिजन येतो साधारण १ ते दीड सूर्य. हे तारे मरतातही लवकर. सगळ्यात जड तारे ३०-४० लाख वर्षांत, आणि ८ सूर्यांच्या आसपासचे ३-४ कोटी वर्षांत. दीर्घिकेच्या आयुष्यात हा काळ म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका. ऑक्सिजन रोखीने मिळतो म्हणा ना.

लोखंड मात्र बरंचसं उधारीवर येतं. जड ताऱ्याच्या स्फोटातूनही थोडं मिळतं. १९८७ साली मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्यातून (म्हणजे अशाच स्फोटातून) सूर्याच्या सुमारे ७ टक्के वस्तुमानाचं किरणोत्सारी निकेल बाहेर पडलं. त्याचं आधी कोबाल्ट झालं आणि मग लोखंड. पण एखाद्या श्वेत बटूचा, म्हणजे सूर्यासारखा तारा विझल्यावर उरलेल्या दाट गाभ्याचा, स्फोट होतो तेव्हा एका दमात अर्ध्या सूर्याहून जास्त लोखंड मिळतं. पंचाईत एवढीच, की त्यासाठी आधी श्वेत बटू तयार व्हायला हवा, त्याला जोडीदार हवा, आणि ती जोडी टोकाला जायला हवी. यात काही कोटी वर्षंही लागतात आणि काही अब्जही. नायट्रोजन आणि कार्बनचा मोठा वाटा मध्यम वजनाच्या ताऱ्यांचा. ते म्हातारपणी फुगून तांबडे राक्षसी तारे होतात आणि आपली बाहेरची आवरणं हळूहळू सोडून देतात. तिथेही काही कोटींपासून अब्जांपर्यंत वर्षं जातात.

यातून एक छान हत्यार हाती लागतं. दोन मूलद्रव्यांचं गुणोत्तर म्हणजे घड्याळ. आय झ्विकी १८ मध्ये साधारण ४० ऑक्सिजनमागे नायट्रोजनचा एक अणू आहे, तर सूर्यात सातामागे एक. म्हणजे तिथे रोख कमाईचं पारडं जड आहे, उधारीची वसुली अजून पुरती झालेली नाही. ऑक्सिजनचा आकडा एकटा बघायचा नाही, त्याच्या शेजारी नायट्रोजन ठेवून बघायचा, ही मला लागलेली पहिली शिस्त.

आता एक मुद्दा, जो बहुतेक लेखांत निसटतो. आत्ता जे तारे जोरात जन्मतायत त्यांनी बनवलेला ऑक्सिजन आपल्याला आत्ता दिसतच नाही. स्फोटातून निघालेला माल लाखो, कोटी अंशांच्या तापलेल्या वायूत असतो. आपण दृश्य प्रकाशात जो तेजोमेघ (तरुण ताऱ्यांभोवतीचा उजळलेला वायू) बघतो तो दहा-वीस हजार अंशांचा. गरम माल निवायचा, आजूबाजूच्या थंड वायूत मिसळायचा आणि पुढच्या पिढीच्या ताऱ्यांभोवती पुन्हा उजळायचा, यात बराच काळ जातो. त्यामुळे तेजोमेघात दिसणारा ऑक्सिजन बहुतांशी मागच्या पिढ्यांचा असतो. आज पेरलेलं आजच्या कणसात शोधून चालत नाही.

आता गळती. लहान दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण तोकडं. तिथे शेकडो अतिनवतारे एकापाठोपाठ फुटले, की तापलेला वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर धावतो आणि परत येतच नाही. गंमत अशी, की बाहेर पडतो तो वायू सरासरी वायू नसतो. नुकत्याच बनलेल्या धातूंनी भरलेला वायूच आधी पळतो, कारण स्फोटाची ऊर्जा आणि नवा ऑक्सिजन एकाच पाकिटातून येतात. सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८२ या दीर्घिकेच्या फोटोत चकतीच्या वर-खाली निघालेले लाल झोत तुम्ही पाहिले असतील. तो हाच वारा.

हे किती मोठं नुकसान आहे याचा हिशेब कागदावर करता येतो, करून बघा. सिंह तारकासमूहात सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांवर लिओ पी नावाची चिमुकली दीर्घिका आहे. २०१३ साली ती जाहीर झाली, अरेसिबो दुर्बिणीच्या रेडिओ सर्वेक्षणातून. तिच्या एकूण सामान्य द्रव्यापैकी मोटामोटी दोन तृतीयांश अजून वायूच आहे, एक तृतीयांशाचे तारे झालेत. काही आत आलं नाही, काही बाहेर गेलं नाही असं धरलं, तर वायूतल्या ऑक्सिजनचं वस्तुमानी प्रमाण काढायचं सूत्र सोपं आहे: ऑक्सिजनचं उत्पन्न गुणिले, एकूण भागिले वायू या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्पन्न १ टक्का धरा. दीडचा लॉगॅरिदम ०.४. म्हणजे वायूत ०.४ टक्के ऑक्सिजन हवा. सूर्यात तो ०.५७ टक्के आहे, तेव्हा उत्तर यायला हवं सूर्याच्या सत्तर टक्के. मोजलेलं उत्तर आहे सूर्याच्या चौतिसाव्या हिस्स्याएवढं, म्हणजे ३ टक्के! उत्पन्न दुप्पट धरा, निम्मं धरा, ही दरी बुजत नाही. २०१५ साली लिओ पीचा रीतसर हिशेब झाला तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला, की तिने बनवलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ९५ टक्के तिच्याकडे राहिलेला नाही.

मग तो गेला कुठे? बराचसा दीर्घिकांभोवतीच्या विरळ वायूच्या प्रभावळीत. हबल दुर्बिणीने दूरच्या क्वेझारचा (दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा) प्रकाश मध्ये आलेल्या दीर्घिकांच्या प्रभावळीतून गाळून पाहिला. २०११ साली त्यातून दिसलं, की तारे जन्मणाऱ्या मोठ्या दीर्घिकांच्या भोवती काही लाख प्रकाशवर्षांपर्यंत पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन पसरलेला आहे. ज्यांच्यात तारे जन्मायचे थांबलेत त्यांच्याभोवती तो फारसा सापडला नाही. मोठ्या दीर्घिकेत हा माल काही काळाने परत खाली येऊ शकतो. लिओ पीसारखीच्या बाबतीत मी परतीची आशा धरणार नाही.

तिसरी बाजू म्हणजे वर ओतलेलं पाणी, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते इथे आहे. दीर्घिका बंद डबा नाही. बाहेरून जवळजवळ धातूविरहित वायू तिच्यात सतत येत असतो. हे नुसतं मानायचं नाही, त्याचा पुरावा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला मिळालेला आहे. तिथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची लहर ऐकतात. साडेसात हजारांहून जास्त दूरच्या दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून, सात-आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती अणुरूप हायड्रोजन होता हे २०२० साली तिथून मोजलं गेलं. निघालं असं, की ज्या वेगाने त्या तारे बनवत होत्या त्या वेगाने हा साठा १ ते २ अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून भर पडल्याशिवाय ती घोडदौड टिकणं शक्य नव्हतं.

आता हे ताऱ्यांच्या जन्मदराशी जोडा. ताजा, धातू कमी असलेला वायू आत आला, की दोन गोष्टी एकदम होतात: ताऱ्यांच्या जन्माला इंधन मिळतं, आणि आधीचा ऑक्सिजन पातळ होतो. म्हणून सारख्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांची तुलना केली तर जिच्यात तारे जास्त जोरात जन्मतायत तिच्यात धातू कमी निघतात. हे २०१० साली हजारो दीर्घिकांच्या वर्णपटांवरून स्पष्टपणे मांडलं गेलं. म्हणजे तुमच्या अपेक्षेच्या बरोबर उलटं! दीर्घिकेचं वस्तुमान वाढलं की धातू वाढतात हा नियम मात्र पक्का आहे. २००४ साली स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे ५३ हजार दीर्घिकांवर तो तपासला गेला. एका वाक्यात सांगायचं तर, धातू किती हे आजच्या जन्मदरावर ठरत नाही. आजवर एकूण किती तारे झाले, त्यातलं किती धरून ठेवता आलं आणि वर किती ओतलं गेलं, यावर ठरतं.

आता आय झ्विकी १८. सप्तर्षी तारकासमूहाच्या भागात, सुमारे ५ कोटी ९० लाख प्रकाशवर्षांवर. १९७२ साली लिओनार्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी तिचा वर्णपट पाहून दोन शक्यता ठेवल्या: ती खरोखर तरुण आहे, किंवा म्हातारी असूनही तारे मध्येच झटक्याने बनवते आणि मग दीर्घकाळ झोपते. ही भांडणं बरीच वर्षं चालली. २००४ साली हबलच्या निरीक्षणांवरून ती जेमतेम ५० कोटी वर्षांची असावी असा दावा झाला, कारण म्हातारे तांबडे राक्षसी तारे दिसले नाहीत. २००७ साली आणखी खोल निरीक्षणं झाली आणि ते तारे सापडले. दीर्घिका आधी समजलो होतो त्याहून लांब होती, म्हणून ते तारे अंधुक राहून सुटले होते. असे तारे बनायला किमान अब्जभर वर्षं लागतात. तेव्हा नुकतीच जन्मलेली नाही. तरुण म्हणून गाजली, निघाली म्हातारी, फक्त आळशी. तिच्याभोवती हायड्रोजनचा भलामोठा ढग आहे, आजवर तारे थोडेच झालेत आणि जे कमावलं त्यातलं बरंच उडालं असणार. यातला कोणता वाटा किती यावर मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर आळस आणि पाणी मिळून अर्धं, गळती अर्धं. पण हे मत आहे, मोजमाप नाही.

मोजतात कसं हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या पोटापाण्याचा. जड तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण आजूबाजूच्या वायूचे इलेक्ट्रॉन उडवतात. ते मोकळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या आयनांवर (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंवर) आदळतात आणि आयन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. सगळ्यात ठळक हिरवी रेघ ५००७ अँगस्ट्रॉमवर येते (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक, पुढचे असे आकडेही त्यातलेच). एकोणिसाव्या शतकात ही रेघ कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच लोकांनी मानलं होतं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो आपला ऑक्सिजनच, फक्त पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मिळत नाही इतक्या विरळ वायूतला.

यात एक सापळा आहे आणि नवीन माणूस त्यात पडतोच. रेघ ठळक म्हणजे ऑक्सिजन जास्त, असं नाही. ऑक्सिजन हाच वायूला थंड करणारा मुख्य गडी आहे. तो वाढला की तेजोमेघ निवतो, इलेक्ट्रॉनांचा जोर कमी होतो, आणि हिरवी रेघ उलट फिकी पडते. तेव्हा ऊर्जा इन्फ्रारेडमधल्या रेघांतून निघून जाते. म्हणजे कमी ऑक्सिजन असला तरी रेघ फिकी, फार जास्त असला तरी फिकी, मधे कुठेतरी सर्वांत ठळक. मी सुरुवातीला एका बटू दीर्घिकेचं असंच गणित केलं आणि उत्तर काढलं सूर्याइतका ऑक्सिजन. मार्गदर्शकांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "नायट्रोजनची रेघ पाहिलीस का?" ६५८४ वर बघितलं तर जवळपास काहीच नव्हतं. इतका ऑक्सिजन असता तर नायट्रोजन असा गायब नसता. मी डोंगराच्या चुकीच्या उतारावर उभा होतो. खरं उत्तर दहापट कमी निघालं.

भरवशाचा मार्ग म्हणजे आधी वायूचं तापमान काढणं. ४३६३ अँगस्ट्रॉमवर ऑक्सिजनचीच एक बारीक रेघ आहे, ती फक्त जोरदार इलेक्ट्रॉन आदळले तरच उजळते. तिचं ५००७ शी गुणोत्तर म्हणजे थर्मामीटर. आय झ्विकी १८ मध्ये ते वीस हजार अंशांच्या जवळ जातं. तापमान कळलं की रेघेच्या ठळकपणावरून अणू मोजता येतात. ही रेघ मुख्य रेघेच्या काही टक्केच असते, आणि शहराच्या जुन्या पाऱ्याच्या दिव्यांची रेघ नेमकी ४३५८ वर! क्षितिजावरचा उजेड बघून शिव्या घालत काढलेल्या रात्री माझ्याही आहेत. ही रेघ मिळाली नाही तर ठळक रेघांवर आधारलेली ठोकताळ्याची सूत्रं वापरावी लागतात, आणि एकाच दीर्घिकेला दोन सूत्रं पाचपटीपर्यंत वेगळी उत्तरं देऊ शकतात. म्हणून दोन वेगळ्या लेखांतले आकडे शेजारी ठेवायच्या आधी सूत्र कुठलं ते बघायचंच.

तिसावा की पन्नासावा, त्याचंही उत्तर यातच. दीर्घिकेचा आकडा फारसा बदललेला नाही, सूर्याचा बदलला. १९८९ च्या तक्त्यात सूर्याच्या ऑक्सिजनचा आकडा ८.९३ होता, २००९ च्या तक्त्यात ८.६९ झाला. हा लॉगॅरिदमचा हिशेब आहे (दर लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचे अणू किती, त्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम), तेव्हा एवढ्याशा फरकातही गुणोत्तर १.७ पट हलतं. जुने लेख पन्नासावा म्हणतात, नवे तिसावा.

जेम्स वेब दुर्बिणीने ही ४३६३ ची रेघ १३ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतही पकडली, २०२२ च्या अगदी पहिल्या निरीक्षणांतच. आय झ्विकी १८ च्या वर्णपटाशी त्यांचं साम्य बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पण सगळंच ओळखीचं नाही. जीएन-झेड११ या दीर्घिकेत ऑक्सिजनच्या मानाने नायट्रोजन सूर्याच्या चौपटीहून जास्त दिसतो, आणि तेव्हा विश्व होतं जेमतेम ४३ कोटी वर्षांचं. वर मी नायट्रोजनला उधारीवर टाकलं ना, तिथे तो रोखीने आलेला दिसतो. अजस्र तारे की आणखी काही, यावर सध्या हमरीतुमरी चालू आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट सगळ्यांना फुकट मिळतात. एखादी निळी बटू दीर्घिका निवडा, ४३४० वर हायड्रोजनची रेघ शोधा आणि तिच्या उजवीकडे दीर्घिकेच्या वेगाइतकी सरकलेली ४३६३ ची बारीक टेकडी दिसते का पाहा. फक्त जुन्या स्लोन वर्णपटात जवळच्या दीर्घिकांची ३७२७ ची ऑक्सिजन रेघ शोधत बसू नका. तो वर्णपट ३८०० पासूनच सुरू होतो, आणि मी त्यात एक अख्खी दुपार घालवली आहे.